एक दिवस आधी

"साठ पूर्ण," एबरहार्ट म्हणाला आणि माझ्या काळजात धस्स झालं. चर्चच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी टेबल मांडून बसलेल्या बाईंनी साठीच्या पुढच्यांना तिकिटात सवलत आहे, एवढंच सांगितलं होतं. त्यावर माझा नवरा सरळ खोटं बोलला. ज्या माणसाने छत्तीस वर्षं आमच्या जिल्ह्यातले तराजू, वजनं आणि पेट्रोलचे पंप तपासले, पाच ग्रॅमसाठी खाटकाच्या दुकानाला टाळं लावलं, माझ्या सख्ख्या मामाचा बटाट्याचा काटा लग्नानंतर महिन्याभरातच सील केला आणि वर मामालाच कायदा वाचून दाखवला, तो माणूस. तो साठ वर्षांचा नव्हता. तो उद्या साठ वर्षांचा होणार होता.

बाईंनी ओळखपत्र मागितलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि हसल्या. "अहो, तुम्ही उद्या साठचे. आज नाही."

"एका दिवसाने काय होतंय?"

"एका दिवसाने एक दिवस होतो. उद्या या, देते सवलत."

"उद्या मला जमणार नाही."

"मग आज पूर्ण तिकीट," बाई म्हणाल्या, "आणि आधीच शुभेच्छा काही देत नाही हं मी. ते चांगलं नसतं."

"द्या की. कुणाला सांगणार नाही."

"नको रे बाबा. माझ्या जिभेला कशाला पाप," असं म्हणून त्यांनी दोन तिकिटं फाडली. एबरहार्टची मान मागून लाल झालेली मला दिसत होती. मागे चारपाच माणसं उभी होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दक्षिण जर्मनीतले आम्ही श्वाबियन लोक चिक्कू म्हणून सगळ्या देशात बदनाम आहोत, आणि आता माझा नवरा आयुष्यातलं पहिलं खोटं बोलून त्या बदनामीत भर घालत होता.

जिना सुरू होतो तिथेच मी त्याला म्हटलं, "लाज नाही वाटली? सवलतीसाठी?" पहिल्या पायरीवर पाय ठेवून त्याने भिंतीला लावलेला दोर धरला. मी त्याच्या मागे राहिले. ते आम्ही सकाळीच ठरवलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं. चढताना तो पुढे, मी मागे. उतरताना मी पुढे, तो मागे. त्याला चक्कर आली तर दोन्ही वेळा तो माझ्यावर पडेल. अठ्ठ्याऐंशी किलोचा माणूस माझ्यावर पडला तर आम्ही दोघंही खालच्या टेबलापर्यंत गडगडत जाऊ, हे मला कळत होतं. पण मागे राहायचं नाही तर दुसरं करायचं काय? त्याच्या डोक्यात, डाव्या कानाच्या वर, चेरीच्या बीएवढी गाठ होती आणि उद्या सकाळी सातला पलीकडच्या टेकडीवरच्या इस्पितळात ती काढायची होती. गाडी चालवू नका, एवढंच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच आगगाडीने ट्युबिंगेनला आलो. "मनोरा चढला तर चालेल का?" असं यानेच विचारलं होतं. मी तपासणीच्या खोलीत त्याच्या शेजारी बसून त्याचा कोट मांडीवर धरला होता आणि मला वाटलं की हा थट्टा करतोय. बाई म्हणाल्या, "चढा की, पण एकट्याने नको." मग माझ्याकडे बघून हसल्या. तेव्हापासून माझी झोप गेली होती.

जिना दगडी, चक्री आणि अरुंद होता. मधोमध पायऱ्या झिजून खोलगट झाल्या होत्या. दर पंधरा-वीस पायऱ्यांनी भिंतीत एक फट यायची. तिच्यातून उजेड त्याच्या पिंढऱ्यांवर पडायचा आणि मग पुन्हा अंधार. त्या अंधारात मला फक्त त्याचा श्वास ऐकू येई. मी तो श्वास मोजत होते. तो जरा अडखळला की माझा हात आपोआप वर जाई, त्याच्या कंबरेला लागू नये इतपत. लागला असता तर तो म्हणाला असता, "रोझी, ढकलतेस का आता?" सकाळपासून तो असंच बोलत होता. किल्ल्याच्या अंगणात, नेकार नदीवर लांब काठ्यांनी ढकलायच्या होड्या बघताना, मसूर आणि श्पेट्सलेच्या शेवया खाताना. आज खाऊन घे, उद्या मिळणार नाही, असं स्वतःलाच म्हणत त्याने माझ्या ताटातलं सॉसेजही उचललं. लोकांना वाटावं सुट्टीवर आलंय जोडपं. बॅग पेन्शनवर, माझ्या रात्रीच्या मुक्कामाच्या छोट्या लॉजवर, ठेवलेली. तिच्यात सपाता, दाढीचं सामान, दोन पायजमे, एक पेन्सिल आणि त्याची कोड्यांची वही. पाच वाजता वॉर्डात हजर व्हायचं. त्यानंतर मला परत पाठवणार आणि उद्या दुपारपर्यंत दार बंद. सकाळी सहाला मी फोन करायचा आणि शुभेच्छा द्यायच्या, असं आमचं ठरलं होतं. सहा वाजता तारीख पालटलेली असेल. सहा वाजता ते चालेल.

आमच्याकडे वाढदिवसाआधी कुणी काही बोलत नाही. पोस्टातून कार्ड एक दिवस आधी आलं तर आई ते न फोडता घड्याळामागे खोचून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ताच आल्यासारखं काढायची. मीही तेच करते. काल एबरहार्टला दोन कार्डं आली आणि मी ती स्वयंपाकघरातल्या खणात पुसायच्या फडक्यांखाली सरकवली. आज सकाळी निघताना खालच्या मजल्यावरच्या श्रीमती क्नापच्या तोंडून जिन्यात "उद्या ना..." एवढं निघालं तर मी बॅग खाली ठेवून त्यांच्याकडे असं बघितलं, की बाई गप्प झाल्या. या आठवड्याची जिना झाडायची पाळी आमची होती. ती मी त्यांच्याशी बदलून घेतली होती, त्यामुळे मी जरा नमतं घ्यायला हवं होतं. एबरहार्ट हसतो याला. "वजनाला मुहूर्त नसतो," म्हणतो. तेहतीस वर्षं तो हसतोय आणि तेहतीस वर्षं त्याने माझं ऐकलंय. त्याला वाटतं हे आईकडून आलंय. आईकडून आलंय हे खरं, पण त्याला वाटतं तसं नाही.

मधल्या माळ्यावर तो थांबला. हात भिंतीवर टेकवले, मान खाली घातली. आली, म्हटलं, आली ती वेळ, इथे, या दगडात, वर कुणी नाही आणि खाली कुणी नाही. माझे दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर जाऊन बसले होते आणि मी पाय भिंतीला रोवले होते. मग तो म्हणाला, "हे बघ, गवंड्याची खूण. प्रत्येक दगडावर आपली खूण कोरायचे, मजुरी मोजून घ्यायला. हा डावखुरा होता." मी त्याच्या पाठीवरचे हात काढले नाहीत. "अगं, काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "चल. डावखुरा असेना का." आणि त्याच क्षणी वरची घंटा वाजली. तीनचे ठोके माझ्या दातांत घुमले आणि मी खरंच त्याच्या कोटाला चिकटले. तो हसला नाही, ते त्याने बरं केलं.

वर वारा होता. चहूबाजूंनी उतरती लाल छपरं, मध्ये चिरेबंदी गल्ल्या, नदी, नदीपलीकडची चिनारांची रांग. सगळे वर येऊन जे म्हणतात ते आमच्यामागून आलेल्या माणसांनीही म्हटलं, आणि फोटो काढून ती खाली उतरली. एबरहार्टने टेकडीवरच्या पांढऱ्या इमारतींकडे बोट दाखवलं. "ती बघ. चौथा मजला. उद्या मी तिथून इथे बघीन." मी तिकडे बघितलं नाही. मी खाली बघितलं, आणि तिथेच चूक झाली. चर्चच्या लगतच्या घराला परांची बांधली होती आणि छपरावर दोन माणसं कौलं बसवत होती. काळ्या कॉर्डरॉयच्या रुंद पायांच्या विजारी, काळ्या टोप्या. एक बसला होता उतारावर, पाय पसरून, जणू घरच्या सोफ्यावर. शीळ घालत होता. वाऱ्याने ती तुटक तुटक वर येत होती. मी कठडा धरला. पपा असेच बसायचे. माझे पपा छपरं घालत. आईने कितीही सांगितलं तरी दोर बांधत नसत. मी नऊ वर्षांची असताना ते शाळेच्या छपरावरून पडले. आमच्या गावच्या शाळेच्या नाही, शेजारच्या गावच्या. चाळीस वर्षांचे व्हायला एक दिवस कमी होता.

"रोझी," एबरहार्ट म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती आणि कानावरचे थोडे उरलेले केस वाऱ्याने उभे राहिले होते. "आत्ता म्हण."

"काय म्हणू?"

"माहितेय तुला. शुभेच्छा. साठ."

"सहाला फोन करणारच आहे ना मी."

"सहाला मी घाबरलेला असेन," तो म्हणाला, "मला काही ऐकू येणार नाही. आणि सातनंतरचा मी कोण असेन, ते त्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. त्यांनी सही घेतलीय तशी माझ्याकडून. शब्द जातील कदाचित, काही दिवस, काही महिने. मला साठ व्हायचंय, रोझी. आत्ता, शुद्धीवर असताना. खालच्या बाईंना म्हटलं, त्या देईनात. तू दे."

मग मला कळलं. सवलतीसाठी नव्हतं ते. कुणीतरी त्याला साठ म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस परक्या टेबलापुढे ओळखपत्र घेऊन खोटं बोलला होता, आणि मी जिन्यात त्याची लाज काढली होती. मला भडभडून आलं. पण तोंड उघडलं तर त्यातून दुसरंच बाहेर पडलं.

"मी पपांना आधी म्हटलं होतं," मी म्हटलं. "आदल्या दिवशी. पहाटे, कामाला निघाले तेव्हा. मला धीर धरवला नाही. आणि ते त्याच दिवशी गेले."

तेहतीस वर्षांत हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. आईला माहीत होतं. इस्पितळातून पपांच्या वस्तू कागदी पिशवीत आल्या तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला होता, "तू आधीच दिलंस?" आणि त्यानंतर मरेपर्यंत एक शब्द नाही. ओरडली असती तर मी वाचले असते.

एबरहार्टने लगेच काही समजूत घातली नाही. तो तसा नाही. काट्याची सुई थरथरायची थांबेपर्यंत तो आकडा वाचत नाही. छपरावरच्या माणसांकडे बघत राहिला. मग टोपी घातली, कोटाचं वरचं बटण लावलं. "मग नको," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. मग नको, रोझी." हे इतक्या हळू आवाजात की मला त्यापेक्षा त्याने चिडावं असं वाटलं, आणि तो दाराकडे वळला. "थांब," मी म्हटलं, "उतरताना मी पुढे."

उतरताना त्याचे बूट माझ्या डोक्याच्या उंचीवर येत होते. मी एका हाताने दोर धरला होता आणि दुसरा हात मागे, हवेत. भीती आता चढतानासारखी नव्हती. ती अंगभर पसरून जड झाली होती आणि तिच्यात एक नवी भर पडली होती. आधी फक्त तो मरेल ही भीती होती. आता तो साठ न होता मरेल, माझ्यामुळे, ही. बोलले तरी मी मारणार, नाही बोलले तरी मीच. आणि तेव्हा मी मागे वळून बघितलं, तर एका फटीतल्या उजेडात मला त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. पायरीवरून लोंबत होती. पुढच्या पावलाला तो तिच्यावर पाय देणार होता.

"हलू नकोस," मी ओरडले. तो जागच्या जागी थिजला. मी दोन पायऱ्या वर गेले, गुडघ्यावर बसले आणि नाडी बांधायला घेतली. गाठ जमेना. दगडाचा थंड वास येत होता, चामड्याचा वास येत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरा बूट आला. जाड तळव्याचा, नाडी न बांधलेला. पपा आमच्या जिन्यात पायरीवर बसून बूट चढवत होते. पहाटेचे पाच. मी रात्रीच्या झग्यात, अनवाणी. हातात हिरव्या लोकरीची पिशवी, त्यांच्या सुतारी पेन्सिलीसाठी, शाळेत क्रोशाने विणलेली, एका बाजूला वाकडी. इथपर्यंत मला नेहमी आठवायचं. मी म्हटलं ते शब्द आठवायचे, आणि त्यानंतर थेट मुख्याध्यापकांची खोली, थेट ती कागदी पिशवी, जिच्यातून ही हिरवी पिशवी निघाली. मधलं काही नव्हतं. एकोणपन्नास वर्षं मधलं काही नव्हतं. आता ते आलं. पपांनी नाडी तशीच सोडली. पिशवी हातात घेतली, उलटी करून बघितली, तिचा वाकडेपणा अंगठ्याने चाचपला. कानामागची पेन्सिल काढून तिच्यात घातली. ती बरोबर बसली. मग हसले, आवाज न करता, कारण आई झोपली होती, आणि म्हणाले, "झालो की मग मी चाळीस. आता मला कोण काय म्हणणार?" पिशवी छातीच्या खिशात ठेवली, वरून दोनदा थोपटली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेले. दार लावताना त्यांनी वर बघितलं होतं. खूश होते ते. त्या दिवशी माझे पपा खूश होते.

"झाली का गाठ?" वरून एबरहार्टने विचारलं.

"झाली," मी म्हटलं. दुहेरी मारली होती. मी गुडघ्यावरच राहिले क्षणभर. बोल, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. पण खालून शाळेतल्या पोरींचा एक घोळका किंचाळत वर येऊ लागला आणि आम्हाला भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यावी लागली. मग बाहेरच्या उजेडात जीभ उचलली नाही. टेबलाच्या बाईंनी "कसं वाटलं?" असं विचारलं तेव्हा त्यानेच "छान" असं म्हणून टोपीला हात लावला. पेन्शनवरून बॅग घेताना मी एकदा तोंड उघडलं आणि "पायजमे घेतलेस ना?" असं विचारलं. बसमध्ये एकदा, टेकडीच्या वळणावर. तो खिडकीतून बघत होता, मनोरा दिसतोय का ते. मला माहीत होतं की ते मूर्खपणाचं आहे, शब्दाने माणूस पडत नाही, दोर न बांधल्याने पडतो. माहीत असूनही मला ते म्हणवेना. पपांचा चेहरा आठवला म्हणून भीती जाईल असं कुठे लिहिलंय? तिची जागा फक्त हलली होती.

चौथ्या मजल्यावर काउंटरमागे एक तरुण सिस्टर होती. छातीवर बिल्ला, श्रीमती आयबेर्ले. बोलण्यावरून आमच्याच बाजूची. तिने नाव विचारलं, त्याने सांगितलं. जन्मतारीख विचारली. ती त्याने नेहमीसारखी, दिवस, महिना, वर्ष, आकडे तोडून सांगितली. ती लिहिता लिहिता थांबली.

"अरेच्चा, म्हणजे उद्याच..." आणि तिने ओठ आवळले. "आज मी काही म्हणत नाही हं. उद्या म्हणीन. शुद्धीवर आलात की सगळ्यांच्या आधी मी."

"हो," एबरहार्ट म्हणाला. "उद्या." त्याने हात पुढे केला, मनगटावर तिने प्लास्टिकची पट्टी बांधली. तिच्यावर त्याचं नाव होतं, तारीख होती. नवजात बाळांना बांधतात तसली ती, आणि गेलेल्यांनाही. "घड्याळ आणि अंगठी बायकोकडे द्या," सिस्टर म्हणाली. त्याने अंगठी ओढून काढली. सांध्यावर अडकली, त्याने ओल्या बोटाने सोडवली. घड्याळाचा पट्टा उलगडला. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या हाताने बंद केली. मग बॅग उचलली. काचेचं दार उघडायला सिस्टरने भिंतीवरचं बटण दाबलं.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, एबरहार्ट," मी म्हटलं.

आवाज माझा नव्हता, कुणा लहान मुलीचा असावा असा चिरका आला. सिस्टरचं बोट बटणावरच राहिलं. "अहो बाई," ती म्हणाली, "आजच?"

"आजच," मी म्हटलं. "साठ."

दार उघडलं, थांबलं आणि आपोआप मिटायला लागलं. त्याने बॅग खाली ठेवली आणि मागे आला. त्याचा चेहरा मी नीट बघितला, या वेळी मधलं काही विसरायचं नाही म्हणून. हनुवटी थरथरत होती. तेहतीस वर्षांत न बघितलेलं त्याचं ते हसू, आवाज न करता, कडेच्या खोल्यांत माणसं झोपली असावीत तसं. त्याने माझा हात धरून वरखाली हलवला. त्याच्या कचेरीत वाढदिवसाला असाच हात हलवत, तीनदा, घट्ट. "धन्यवाद," तो म्हणाला. "एक दिवस माझ्या पारड्यात जास्तीचा धरलास. आयुष्यात पहिल्यांदा."

"कायद्यात बसत नाही," मी म्हटलं.

"नाही बसत," तो म्हणाला आणि गेला. सिस्टर त्याच्या मागून गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं, मी क्नापबाईंकडे बघितलं होतं तसं. काचेपलीकडे तो बरोबर मधून चालत होता, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आणि डाव्या बुटाची दुहेरी गाठ सुटली नव्हती. मग तो वळला. दार मिटलं होतं आणि मी अजून तिथेच उभी होते. मुठीत त्याची अंगठी रुतत होती. मी मूठ उघडून बघितलं. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझा नवरा साठ वर्षांचा होता.